संगणकावर झकास, टीव्हीवर थरथर: घरची फिल्म आधीच कशी तपासावी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. घरातल्या जुन्या मिनीडीव्ही टेपांवरचं चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं, चित्रण आणि अलीकडचं मोबाइलवरचं चित्रण जोडून तुम्ही लॅपटॉपवर दीड तासाची फिल्म बसवली. लॅपटॉपवर ती छान दिसते. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावली तर कडेची नावं कापली जातात, फुगडी घालणाऱ्या बायका थरथरतात, आईची लाल साडी पेटल्यासारखी दिसते आणि शेवटच्या आरतीत आवाज ओठांच्या मागे पडतो. यंदा चवथीला मूळ घरी सगळ्या भावकीसमोर ती लावायची आहे. तेव्हा हे दोष लॅपटॉपवरच आधी कसे पकडायचे?

मी गोव्यात फोंड्याला राहून लग्नं, मुंजी आणि जत्रेतली नाटकं चित्रित करतो, २५ वर्षं होत आली. हे चारही दोष मी गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या घरच्यांच्या मधोमध बसून पाहिलेत. थरथर, कापलेली नावं आणि मागे पडणारा आवाज लॅपटॉपवर नक्की पकडता येतात. साडीचं मात्र अर्धंच पकडता येतं, उरलेलं अर्धं ज्या टीव्हीवर फिल्म लागणार त्याच्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

थरथरीपासून सुरुवात करतो, कारण तीच सगळ्यात लबाड.

आपल्याकडचे टेपचे कॅमेरे ‘पाल’ (PAL) या आपल्या जुन्या टीव्ही-मानकाच्या पद्धतीचे. सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत घेतलेली. ५७६ ओळींपैकी आधी एकाआड एक अशा २८८, मग उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि अशा दोन हप्त्यांतल्या चित्रणाला इंटरलेस. दोन्ही फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. फुगडी रंगात आली की तेवढ्यात पदराचं टोक चांगलं सरकलेलं असतं. आता मेख अशी, की मिनीडीव्हीत खालच्या ओळींचं फील्ड आधी येतं, तर एचडी कॅमेऱ्यांत वरच्या ओळींचं. तुम्ही टेपचं चित्रण एचडी प्रोजेक्टमध्ये टाकलंत आणि संपादनाच्या प्रोग्रामने ते ‘वरचं आधी’ धरून चाललं, तर टीव्हीला काळाचा क्रम २, १, ४, ३ असा मिळतो. हात पुढे जातो, किंचित मागे येतो, पुन्हा पुढे जातो. तीच तुमची थरथर.

मग लॅपटॉपवर ती का दिसली नाही? संगणक दोन्ही फील्ड एकत्र विणून एकच चित्र दाखवतो, आणि विणल्यावर आधी कोणतं नि मागून कोणतं याला अर्थ उरत नाही. फार तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्याही तुम्हाला दिसल्या नसतील, कारण संपादनाच्या खिडकीत प्रीव्ह्यू बहुधा अर्ध्या रिझोल्यूशनवर चालतो आणि अर्ध्या ओळी गाळल्या की दातही गायब होतात. त्या खिडकीतलं चित्र हे मुळी तपासणीसाठी नसतंच. ते फक्त कुठे कापायचं, कुठे जोडायचं हे कळावं म्हणून. तपासायची असते ती एक्स्पोर्ट झालेली फाइल, आणि तीही संपादनाच्या प्रोग्रामबाहेर.

त्यासाठी व्हीएलसी पुरतो. फुकट आहे आणि जवळजवळ काहीही वाजवतो. फाइल उघडा, व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (फील्ड सुटी करण्याची सोय) चालू करा आणि त्याचा प्रकार ‘याडिफ २एक्स’ निवडा. हा प्रकार प्रत्येक फील्डचं वेगळं चित्र करून दाखवतो, म्हणजे ढोबळ मानाने टीव्ही जे करतो तेच. आता फुगडीचा भाग लावा, थांबवा आणि इंग्रजी ‘ई’ अक्षराची कळ दाबत एकेक चित्र पुढे सरका. बांगड्यांवर नजर ठेवा. हात एकाच दिशेने जात राहिला तर क्रम बरोबर. पुढे-मागे, पुढे-मागे झाला तर उलटा. हे करायला दोन मिनिटं लागतात. मला हे ठाऊक नव्हतं तेव्हा एका लग्नाच्या ४० डीव्हीडी परत आणून पुन्हा कराव्या लागल्या होत्या.

दुरुस्ती टेपच्या मूळ क्लिपवर करायची, तयार फिल्मवर नव्हे. संपादनाच्या प्रोग्राममध्ये क्लिपच्या गुणधर्मांत फील्डचा क्रम ‘लोअर फर्स्ट’ असा सांगा. इंटरलेस चित्र तसंच ताणून एचडीत बसवलं तर वरच्या-खालच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि ते दात कायमचे भाजले जातात. म्हणून आधी डीइंटरलेस, मग आकार मोठा, हा क्रम मोडू नका. घरच्या फिल्मसाठी मी अंतिम फाइल ७२० ओळींची, सेकंदाला ५० फ्रेम, प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेली, अख्ख्या फ्रेमची) करतो. १०८० का नाही, असं गिऱ्हाइकं विचारतात. टेपमध्ये ५७६ ओळींपलीकडे तपशील नाहीच, तो कुठून आणणार? उलट ५० फ्रेम ठेवल्या की टेपची ती ओळखीची, वाहती हालचाल टिकते. शिवाय १०८० ओळींच्या ५० फ्रेम वाजवताना काही जुने टीव्ही अडखळतात, ७२० च्या बहुतेक टीव्ही वाजवतात. आणि मूळ घरातला टीव्ही ३२ इंची ‘एचडी रेडी’ असला तर त्याच्या पडद्यावर मुळात १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात.

आणखी एक बघून घ्या. टेपच्या चित्राचे ठिपके चौरस नसतात. ७२० गुणिले ५७६ चं चित्र ४:३ आकारात ७६८ गुणिले ५७६ एवढं, आणि १६:९ मध्ये १०२४ गुणिले ५७६ एवढं दिसायला हवं. माणसं लठ्ठ किंवा काटकुळी दिसली तर घोळ इथे. आरतीचं तबक समोरून दिसतं असा क्षण शोधा, ते गोल आहे की लंबगोल ते बघा. जुनं चित्रण पडदा भरून दिसावं म्हणून ताणू नका, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. मामा आडवे दिसण्यापेक्षा पट्ट्या बऱ्या.

आता कडा. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र चौकटीच्या थोडं बाहेरपर्यंत पसरवलेलं असे, म्हणजे कडेचा भाग प्रेक्षकाला दिसतच नसे. सपाट टीव्हीला त्याची काही गरज नाही, तरी सवय म्हणून अनेक टीव्ही आजही चित्र किंचित फुगवतात. जुना नियम असा: महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत, अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत. १९२० गुणिले १०८० च्या चित्रात अक्षरं डाव्या-उजव्या कडेपासून १९२ आणि वर-खाली १०८ ठिपके आत. बहुतेक सगळ्या संपादन प्रोग्राममध्ये ‘सेफ एरिया’च्या रेघा दाखवायची सोय असते, ती चालू करून सगळी नावं एकदा नजरेखालून घाला. नवे टीव्ही कमी कापतात, पण मूळ घरी कोणता टीव्ही आहे हे बघितल्याशिवाय मी ८० टक्के सोडत नाही.

याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका घरच्या चित्रणाला मी शेवटी पूर्वजांच्या फोटोंची मालिका जोडली होती. प्रत्येक नावाआधी ‘कै.’, अगदी डाव्या कडेला. माझ्या मॉनिटरवर सगळं जागेवर. त्यांच्या टीव्हीने डावी कड खाल्ली आणि सगळ्या पितरांचं ‘कै.’ गेलं. घरातले पुरुष माझ्याकडे रागाने बघत होते. आजी तेवढी म्हणाली, “राहू दे तसंच, बरं वाटतं.” दुसऱ्या दिवशी मी ते बदलून दिलं, पण आजीने जुनी डीव्हीडी परत केली नाही.

देवनागरीसाठी दोन गोष्टी आणखी. आपल्या अक्षरांना खाली उकार-ऋकार आणि वर रफार-अनुस्वार असतात. रोमन अक्षरांच्या हिशेबाने ओळ तळाला टेकवली तर ‘गुरुदास’मधल्या ‘गु’चा उकार चौकटीबाहेर जातो. दुसरी गोष्ट शिरोरेखेची. बारीक टाइपात ती एकाच ओळीची होते, आणि इंटरलेस टीव्हीवर एक ओळ म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडझाप. नाव स्थिर असतं, पण शिरोरेखा लुकलुकत राहते. संगणकावर हे एरवी दिसत नाही. जाड वळणाचा टाइप घ्या, शिरोरेखा निदान तीन-चार ओळींची जाड असू द्या. आणि नावं चित्रातच कोरा. सबटायटलची वेगळी फाइल पेनड्राइव्हवर देऊ नका, पुष्कळ टीव्हींना जोडाक्षरं जमत नाहीत आणि त्यांच्या जागी चौकोन उमटतात.

अक्षरं वाचता येतील का, हे लॅपटॉपवर कळतं, फक्त उठून मागे जावं लागतं. ३२ इंची टीव्ही १० फुटांवरून जेवढा दिसतो, साधारण तेवढाच १६ इंची लॅपटॉप ५ फुटांवरून दिसतो. फिल्म पूर्ण पडद्यावर लावून ५ फूट मागे खुर्ची टाका. जे वाचता येत नाही ते पडवीत बसलेल्या काकांनाही वाचता येणार नाही.

आता साडी. इथे दोन वेगवेगळे आजार एकसारखे दिसतात. एक आजार टीव्हीचा. दुकानात लक्ष वेधावं म्हणून बरेच टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात, ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाच्या, आणि घरी आल्यावर ते कुणी बदलत नाही. दुसरा आजार फाइलचा. एसडी, म्हणजे टेपसारख्या कमी ओळींच्या चित्रातले रंग ६०१ या मानकाच्या गणिताने साठवतात, एचडीतले ७०९ च्या. टेपचं चित्रण एचडी फाइलमध्ये घालताना हे गणित बदललं नाही, तर टीव्ही ६०१ चे आकडे ७०९ ने सोडवतो. त्यात लाल जास्त उजळतो आणि शेंदराकडे सरकतो, आणि त्याच वेळी हिरवा गडद होतो. म्हणजे ओळखायची खूण तुमच्याच चित्रणात आहे. साडीबरोबर माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीकडे, बघा. साडी शेंदरी नि माटोळीची पानं काळपट असतील तर दोष फाइलचा. साडी, पानं, भिंत, माणसांचे चेहरे सगळंच ओरडत असेल तर टीव्हीचा मोड सिनेमावर आणा आणि विषय संपवा.

फाइलचं खरंखोटं मीडियाइन्फो या फुकट प्रोग्रामात दिसतं. त्यात मॅट्रिक्ससमोर ७०९ लिहिलेलं हवं. नुसता शिक्का बरोबर असून भागत नाही, आकडेही बदललेले हवेत, म्हणून टेपमधली मूळ क्लिप आणि तयार फाइल व्हीएलसीच्या दोन खिडक्यांत शेजारी-शेजारी ठेवून साडीचा रंग जुळतो का ते बघा. लॅपटॉपचा पडदा निळसर असला तरी चालेल, कारण इथे तुम्ही रंग जोखत नाही, दोन चित्रांतला फरक जोखता.

काळ्या-पांढऱ्याचंही थोडं असंच. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, संगणक ० ते २५५ वापरतो. या दोन भाषांची सरमिसळ झाली की एक तर सगळं धुक्यात गेल्यासारखं दिसतं, नाही तर समईच्या उजेडातल्या खोलीतले कोपरे डांबरासारखे काळे होतात. संपादन प्रोग्रामातला वेव्हफॉर्म, म्हणजे चित्राच्या उजेडाचा आलेख, बघा आणि एक्स्पोर्ट करताना ‘फुल रेंज’ला हात लावू नका. नव्या आयफोनवरचं चित्रण एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला साठवणारं, असेल तर तेही आधी साध्या एसडीआर रंगांत उतरवून घ्या, नाहीतर टेपशेजारी ते फिक्कट दिसेल.

बरेच जण म्हणतील, एवढं कशाला, एचडीएमआयची वायर लावा आणि लॅपटॉपचं चित्र टीव्हीवर बघा. मीही लावतो, कडा आणि अक्षरं बघायला उत्तम. पण त्यात फसगत आहे. त्या वेळी फाइल लॅपटॉप उलगडत असतो, टीव्ही नव्हे. त्यामुळे टीव्हीला ती पेनड्राइव्हवरून वाजवता येईल का, हे कळतच नाही. शिवाय टीव्हीच्या त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलेलं असेल तर काही टीव्ही कडा कापणं आणि चित्रावरची बरीचशी प्रक्रिया बंद ठेवतात, म्हणजे चित्र पेनड्राइव्हपेक्षा बरं दिसतं. आणि लॅपटॉप बहुधा ६० हर्ट्झवर चालतो. सेकंदाला २५ फ्रेमची फिल्म ६० हर्ट्झवर नीट बसत नाही. काही फ्रेम दोनदा दाखवल्या जातात, काही तीनदा. पालखी सावकाश आडवी जाताना जो हलका झटका जाणवतो तो याचा, आणि मग माणूस निर्दोष फाइल दुरुस्त करत बसतो. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये टीव्हीसाठी ५० हर्ट्झ निवडा. आपल्याकडे विकले जाणारे टीव्ही ते सहसा घेतात. मग बघा पालखी कशी तरंगत जाते.

मोबाइलवरच्या चित्रणातला झटका मात्र खरा असू शकतो. मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर घेतो, तुमची फिल्म २५ किंवा ५० वर. याला स्वच्छ उपाय नाही. कृत्रिम फ्रेम बनवून भरण्याची सोय असते, पण ती फुगडीत हातांचा चिखल करते. मी ते तसंच ठेवतो आणि मोबाइलवरचे लांब, आडवे फिरणारे तुकडे कापतो. पुढच्या खेपेला आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पालचे पर्याय दाखवायची कळ आहे, ती चालू करून २५ वर घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मखराच्या रोषणाईचं लुकलुकणंही कमी होईल.

आवाज. आधी एक साधी परीक्षा करा: पहिल्याच मिनिटात आवाज मागे आहे का? पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर दोष टीव्ही किंवा साउंडबारचा, तिथल्या सेटिंगमध्ये लिप-सिंक असतं, ते जुळवा. सुरुवातीला बरोबर आणि पुढे-पुढे वाढत जाणारा फरक असेल, तर दोष फाइलचा. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे. मोबाइलची शेवटची लांब आरती मीडियाइन्फोत उघडा. फ्रेम रेटचा मोड ‘व्हेरिएबल’ दिसेल अशी माझी खात्री आहे. मोबाइल उजेड कमी झाला की फ्रेमचा वेग बदलतो आणि संपादनाचे काही प्रोग्राम तो वेग ठरावीक धरून चालतात. ती क्लिप हँडब्रेक या फुकट प्रोग्राममधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’वर काढा आणि मग फिल्ममध्ये नव्याने बसवा. टेपांच्या बाबतीत एक जुनं दुखणं असं की पुष्कळ घरगुती कॅमेऱ्यांत आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर असे. ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये तो नीट रूपांतरित झाला नाही तर तोही सरकतो.

आणि हेडफोनवर भरवसा ठेवू नका. टीव्हीचे स्पीकर खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात. आरतीतल्या घुमट वाद्याचा खर्ज त्यात ऐकूच येत नाही, झांजा मात्र कानात घुसतात आणि आरतीचे शब्द मधल्या मध्ये हरवतात. फिल्म एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, शेजारी पंखा चालू ठेवून. त्यात शब्द कळले तर टीव्हीवरही कळतील.

एवढं सगळं झाल्यावरही दीड तासाची फिल्म एक्स्पोर्ट करू नका. आधी दीड मिनिटाचा तुकडा बनवा आणि त्यात फिल्ममधले सगळ्यात नाठाळ क्षण भरा: फुगडीचा सर्वांत वेगवान भाग, लाल साडी आणि माटोळी एकत्र असलेली चौकट, समईचा अंधार, कडेपर्यंत जाणारं लांबलचक नाव, पालखीचा आडवा प्रवास, आणि एक टाळी. टाळी आवाज जुळतो का ते बघायला. सुरुवातीला सेफ एरियाच्या रेघांची चौकट पाच सेकंद चित्रातच उमटवून ठेवा, म्हणजे टीव्ही नक्की किती कापतो ते मोजताच येतं. हा तुकडा अंतिम फाइलच्याच सेटिंगमध्ये काढा: एमपी४, एच.२६४, ८ बिट, आवाज एएसी. एच.२६५ ने जागा वाचते, पण मूळ घरचा टीव्ही जुना असेल तर तो मोह टाळा.

आणि तो तुकडा तुमच्या घरच्या टीव्हीवर बघून समाधान मानू नका, मूळ घरच्या टीव्हीवर बघा. तिथे जाणं जमत नसेल तर पेनड्राइव्ह चुलतभावाकडे पाठवा. मी एकदा कदंब बसच्या कंडक्टरकडे पेनड्राइव्ह देऊन काणकोणला पाठवला होता. भावाला सांगा, लाव आणि मला टीव्हीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठव. त्या व्हिडिओत रंग खरे दिसणार नाहीत, पण किती कापलं जातं, आवाज जुळतो का, हालचाल मागे-पुढे होते का, एवढं कळेल. कडा कापल्या जात असतील तर त्याला चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ शोधायला सांगा, कंपनीगणिक नाव वेगळं, काम एकच. चित्र गुळगुळीत करणारी सोय असेल तर तीही बंद करायला लावा, माणसं मेणाची दिसायची थांबतील.

शेवटचं, पेनड्राइव्ह. एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. दीड तासाची फिल्म सेकंदाला १० मेगाबिट वेगाने काढली तर पावणेसात जीबी होते. एक्सएफएटी केलं तर बसेल, पण जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. अशा वेळी मी फिल्मचे दोन भाग करतो आणि तोड मध्यंतरासारखी, जेवणाच्या पानांच्या वेळी येईल अशी ठेवतो. फाइलींची नावं रोमन अक्षरांत नि छोटी, पुढे १ आणि २. बरेच टीव्ही एक फाइल संपली की पुढची आपोआप सुरू करतात, तेव्हा पेनड्राइव्हवर या दोघींशिवाय काहीही ठेवू नका. तो दीड मिनिटाचा तुकडाही पुसून टाका, नाहीतर आरती संपते न संपते तोच भावकीसमोर पुन्हा फुगडी सुरू होईल.